करंगळीला जागा हवी

लग्नाच्या हंगामात दिवसभर कॅमेरा धरणाऱ्याला विचारा, आधी काय दुखतं? मी तरी करंगळीच म्हणेन. तर्जनी शटरच्या बटणावर, मधलं बोट आणि अनामिका ग्रिपवर, आणि ती बिचारी बॉडीच्या खाली अधांतरी. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची सगळी वाटचाल मला या करंगळीच्या बाजूनेच सांगावीशी वाटते.

फिल्मच्या काळात बॉडी म्हणजे सपाट डबा. भार डाव्या तळहातावर. 1986च्या कॅनन टी90ने तो डबा मोडला. लुइजी कोलानी या डिझायनरचा हात लागलेली ती गोलसर, मुठीत बसणारी बॉडी. पुढे ईओएस मालिकेने तेच वळण गिरवलं आणि डीएसएलआरच्या काळात मूठ नीट भरली.

मग आरसा गेला. माउंटच्या कडेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये 46.5 मिमी होतं, झेडमध्ये ते 16 मिमी झालं. बॉडी बारीक करायला मोकळं रान मिळालं आणि कंपन्या सुटल्याच. 2013चा सोनी ए7 बॅटरी-कार्डासकट 474 ग्रॅम. फुल फ्रेम सेन्सरसाठी हे नवलच होतं, पण बटण वरच्या पट्टीवर आणि ग्रिप उथळ. शिवाय लेन्स काही त्या प्रमाणात आटल्या नाहीत. सोनीचीच 2016ची 70-200 एफ/2.8 तब्बल 1480 ग्रॅमची. काडीला भोपळा लावावा तसा प्रकार!

वर्षभरातच दुरुस्ती सुरू झाली. 2014च्या ए7 टूमध्ये बटण पुढे ग्रिपवर आलं, ग्रिप खोल झाली, वजन 599 ग्रॅम. 2018चा ए7 थ्री 650 ग्रॅम. यात एक गंमत आहे. बॅटरी राहते ग्रिपच्या पोटात. 1020 एमएएचच्या जागी 2280ची आली, म्हणजे ग्रिपलाही फुगण्याचं कारण मिळालं. आरसा काढून वाचवलेलं बरंचसं वजन असं मागच्या दाराने परत आलं. मला त्याची तक्रार नाही.

आरशाबरोबर व्ह्यूफाइंडरचं पेंटाप्रिझमही गेलं, तरी डोक्यावरचा उंचवटा बहुतेकांनी ठेवला. सोनीच्या ए7सीसारख्या बॉडीत व्ह्यूफाइंडर कोपऱ्यात सरकला, पण डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांचे हाल कुठेच संपले नाहीत. मी त्यांतलाच. एकदा अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि नाक टचस्क्रीनवर टेकून फोकस थेट भटजींच्या शेंडीवर! सेटिंगमध्ये हे बंद करता येतं, हे नंतर कळलं.

चूक मान्य करणारेही आहेत. कॅननने ईओएस आरवरची बोटाने सरकवायची टचबार आर5 आणि आर6वर दिली नाही. उलट 2023चा निकॉन झेडएफ 1982च्या एफएम2 या फिल्म कॅमेऱ्याचं रूप घेऊन आला. डायल देखणे, ग्रिप नावापुरती. एफएम2वर छोटी 50 मिमी लेन्स शोभायची; झेडएफला जाड झूम लावली की करंगळी पुन्हा लोंबकळते. वेगळी ग्रिप विकणाऱ्यांचं मात्र फावलं.

तेव्हा दुकानात जाताना आपली सगळ्यात जड लेन्स बरोबर न्या. ती लावून पाच मिनिटं कॅमेरा डोळ्याशी धरा, विक्रेत्याला काय वाटेल ते वाटू दे. करंगळी कुठे आहे ते बघा, मगच मेगापिक्सेल विचारा.