स्वामित्वहक्क, इंटरनेट आणि सेन्सॉर

गतवर्षीच्या आमच्या स्नेहसंमेलनास शिरस्त्याप्रमाणे नांदीने आरंभ झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'तील ही नांदी ज्याच्या कानांवरून गेली नाही असा मनुष्य आमच्या गोव्यात विरळाच. नववीच्या पाच मुलींनी ती म्हटली. पेटीवर शाळेचेच संगीतशिक्षक होते आणि तबल्यावर दहावीतील एक विद्यार्थी. एका पालकांनी मोबाइलवर तिचे चित्रण केले व तिसऱ्या दिवशी ते शाळेच्या वतीने इंटरनेटवरील एका चित्रफीत-स्थळावर ठेवण्यात आले. त्या पाच मुलींपैकी एकीचे वडील बोटीवर नोकरीस आहेत. मुलीचे गाणे त्यांस ऐकावयास मिळावे, एवढाच त्यामागील हेतू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो त्या जागी चित्र नव्हते. एक काळा चौकोन होता आणि त्यात एकच वाक्य होते : स्वामित्वहक्काच्या दाव्यामुळे ही चित्रफीत दाखविता येत नाही. मधल्या सुट्टीत ती मुलगी शिक्षककक्षाच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, आम्ही चोरी केली काय?"

आम्ही कला शाखेचे पदवीधर. कायदा हा आमचा प्रांत नव्हे. तरीही हा प्रश्न टाळणे बरे दिसले नसते. म्हणून जे वाचले व समजले, ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, स्वामित्वहक्क म्हणजेच कॉपीराइट हे काही धनिकांचे थोतांड नव्हे. शेतकऱ्याचा नारळ कोणी पाडून नेला तर ती चोरी, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. परंतु एखाद्या तियात्रकाराने वर्षभर खपून गीते रचली, पदरचे पैसे घालून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली आणि आठ दिवसांत तिच्या फुकट प्रती मोबाइलवरून गावभर फिरू लागल्या, तर तेथे मात्र आपण मुकाट्याने कान देऊन ऐकत बसतो. आपल्या देशाचा यासंबंधीचा कायदा १९५७ सालचा आहे. ग्रंथकाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षेपर्यंत त्याच्या कृतीवर हक्क राहावा, अशी त्यात तरतूद होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपावयाचा होता. तेव्हा पन्नासाची साठ वर्षे करण्यात आली. ती मुदत उलटली की कृती सर्वांची होते. किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले १८८० साली, आणि ते स्वतः १८८५ साली वारले.

मग आमची नांदी कोणाच्या मालकीची ठरली? खरे पाहता कोणाच्याच नव्हे. एका ध्वनिमुद्रण कंपनीपाशी एका गायकाने गायिलेली हीच नांदी आहे. त्या विशिष्ट मुद्रणावर तिचा हक्क असू शकतो. अशा कंपन्या आपल्या मुद्रणांचे नमुने चित्रफीत-स्थळांकडे ठेवतात. तेथील यंत्र प्रत्येक नमुन्याचा, आपल्या बोटाचा घ्यावा तसा, स्वरांचा एक ठसा घेऊन ठेवते आणि नवी चित्रफीत आली की तिचा ठसा जुन्यांशी ताडून पाहते. चाल तीच, लय तीच आणि साथीला पेटीच. यंत्राने ठसा जुळला असे ठरविले. गाणाऱ्या मुली कोण, किर्लोस्कर कधी वारले, हे यंत्रास ठाऊक नव्हते व ते विचारण्याची त्यास गरजही नव्हती.

येथवरची गोष्ट एका यंत्राच्या चुकीची झाली. परंतु स्वामित्वहक्क आणि लेखनावरील नियंत्रण यांचे नाते यंत्राच्या जन्माच्या फार पूर्वीचे आहे. इंग्लंडच्या राणी मेरीने १५५७ साली लंडनमधील छापखानेवाल्यांच्या स्टेशनर्स कंपनी या संघास सनद दिली. राजसत्तेस नावडत्या ग्रंथांची नाकेबंदी हवी होती आणि छापखानेवाल्यांस धंद्याची मक्तेदारी हवी होती. दोहोंचे जमले. ग्रंथ छापण्याचा हक्क संघाच्या वहीत नोंदला जाई आणि नोंद नसलेले ग्रंथ शोधून जप्त करण्याचा अधिकार संघाच्याच माणसांस असे. प्रतीचा हक्क आणि मजकुरावरील पहारा अशा रीतीने एकाच घरात वाढले. लेखक बिचारा त्या घराच्या अंगणातही नव्हता. पुढे १६६२ सालचा परवान्याचा कायदा १६९५ मध्ये संपुष्टात आला, तेव्हा ही दोन भावंडे विभक्त झाली. १७१० साली राणी ॲनच्या काळात जो कायदा झाला, त्याने हक्क प्रथमच ग्रंथकारास दिला. तोही चौदा वर्षांपुरता, आणि ग्रंथकार जिवंत असल्यास आणखी चौदा वर्षे.

आम्हां गोवेकरांस या पहाऱ्याची ओळख पुस्तकातून करून घ्यावयास नको. स्टेशनर्सच्या सनदेच्या एकच वर्ष आधी, १५५६ साली, या भूमीवर छापखाना आला. पण पुढे मुद्रण मागे पडत जाऊन बंद झाले, आणि गोव्याचे पहिले वृत्तपत्र निघावयास १८२१ साल उजाडावे लागले. १९२६ साली पोर्तुगालमध्ये हुकूमशाही आली, आणि तेव्हापासून १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत छापावयाचा मजकूर आधी सेन्सॉरच्या हाताखालून जावा लागे. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेससुद्धा मंजुरी घ्यावी लागत असे, हे आमचे आजोबा हसत हसत सांगत. त्या हसण्यात कडवटपणा किती होता हे कळावयास आम्हांस बरीच वर्षे लागली. सेन्सॉरचा जाच केवळ खोडलेल्या ओळींत नव्हता. आधी परवानगी आणि मग मुद्रण, या क्रमातच तो होता.

इंटरनेटच्या काळात ही विभक्त भावंडे पुन्हा एका छपराखाली येतात की काय, अशी शंका प्रथम उत्पन्न झाली ती अमेरिकेत. तेथील १९९८ सालच्या एका कायद्याने असा पायंडा पाडला की, हक्कदाराने नोटीस पाठविताच संकेतस्थळाने तो मजकूर उतरवावा, म्हणजे स्थळावर जबाबदारी येणार नाही. मजकूर ठेवणाऱ्यास नंतर हरकत घेता येते. तथापि उतरविणे आधी आणि ऐकून घेणे नंतर. २००७ साली पेनसिल्व्हेनियातील एका मातेने स्वयंपाकघरात नाचणाऱ्या आपल्या तान्हुल्याची २९ सेकंदांची चित्रफीत इंटरनेटवर ठेवली. मागे कोठेतरी प्रिन्स या गायकाचे गाणे अस्पष्ट ऐकू येत होते. तेवढ्यावर नोटीस गेली व ती चित्रफीत उतरविण्यात आली. माता न्यायालयात गेली. नोटीस धाडण्यापूर्वी हा वापर रास्त आहे की नाही याचा विचार केलाच पाहिजे, असे अपील न्यायालयाने २०१५ साली सांगितले. खटला २०१८ मध्ये तडजोडीने मिटला. तोवर ते तान्हुले तुमच्यापैकी धाकट्यांच्या वयाचे झाले होते.

एवढ्यानेही चित्रपट व संगीत कंपन्यांचे समाधान झाले नव्हते. चोरीचा माल विकणारी स्थळे परदेशांत आहेत व ती नोटिशीस भीक घालीत नाहीत, ही त्यांची तक्रार खरी होती. यासाठी २०११ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात 'स्टॉप ऑनलाइन पायरसी ॲक्ट' व सिनेटमध्ये 'प्रोटेक्ट आयपी ॲक्ट' अशी दोन विधेयके आली. त्यांतील मुख्य उपाय समजण्यासाठी इंटरनेटची एक खूण ध्यानी घेतली पाहिजे. प्रत्येक संकेतस्थळाचा खरा पत्ता अंकांत असतो. आपण नाव टाइप करतो, आणि नावावरून अंक शोधून देणारी एक नोंदवही सर्वत्र चालविली जाते. टपाल कार्यालयातील वहीतून एखाद्या घराचे नावच खोडले, तर घर जागेवर राहील, परंतु पत्र पोहोचणार नाही. विधेयकांचा उपाय हाच होता. शिवाय शोधयंत्रांनी ते स्थळ दाखवू नये, जाहिरातदारांनी व पैसे पोहोचविणाऱ्यांनी त्याशी व्यवहार तोडावा, असेही त्यांत होते.

विरोधकांचे म्हणणे चोरी चालू द्यावी असे नव्हते. एका कोपऱ्यातील चोरीच्या मालासाठी सबंध घराचे नाव खोडले जाईल, आणि एकदा खोडण्याची सोय झाली की पुढे कोणाचे नाव खोडले जाईल याचा नेम नाही, असे ते म्हणत. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियाने चोवीस तास आपली पाने झाकून काळा पडदा लावला. लोकांनी आपापल्या प्रतिनिधींस पत्रे लिहिली, दूरध्वनी केले, आणि २० जानेवारीस दोन्ही विधेयके लांबणीवर पडली. ती पुन्हा वर आली नाहीत. त्या काळ्या पानाची आठवण आम्हांस आमच्या काळ्या चौकोनावरून झाली. भेद एवढाच की तेथे पडदा धन्याने स्वतः लावला होता.

त्याच वर्षी आपल्या देशातही हा प्रश्न न्यायालयाच्या पायरीशी आला. '३' या तमिळ चित्रपटाची चोरी होऊ नये म्हणून निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळविला. चोर कोण हे आधी ठाऊक नसते, म्हणून अशा हुकुमांत अज्ञात प्रतिवादीस 'अशोक कुमार' असे नाव देण्याची आपल्याकडे रीत आहे. या नावाच्या सज्जनांची आम्हांस खरोखर कीव येते! हुकूम हाती पडताच इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांनी काही स्थळे सबंधच बंद करून टाकली. ज्यांवर हजारो निरपराध लोकांच्या स्वतःच्या चित्रफिती होत्या, अशीही स्थळे त्यांत सापडली. जूनमध्ये न्यायालयास स्पष्ट करावे लागले की, मनाई आहे ती चोरीचा चित्रपट जेथे आहे त्या नेमक्या पानास, सबंध स्थळास नव्हे. पुढे २०१६ साली 'ढिशूम' या चित्रपटाच्या निमित्ताने मुंबई उच्च न्यायालयात (गोव्यावर याच न्यायालयाचा अधिकार चालतो) न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी दोन अटी घातल्या, त्या आम्हांस फार मोलाच्या वाटतात. अर्जदाराने आपली यादी आधी तपासून तिच्या खरेपणाची हमी द्यावी, आणि बंद पानावर ते का बंद आहे व अन्याय झाला असल्यास दाद कोठे मागावी हे लिहिलेले असावे. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र जी स्थळे मुळी चोरीच्याच धंद्यावर उभी आहेत, ती सबंध बंद करण्यास अनुमती दिली. नाव बदलून तीच स्थळे पुन्हा उघडली, तर त्यांसही हा हुकूम लागू करण्याची वाट खुली ठेवली. तेही अन्यायाचे म्हणता येणार नाही.

याहून निराळा दुसराही एक मार्ग आहे. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ अन्वये सरकार एखादा मजकूर बंद करावयास सांगू शकते. स्वामित्वहक्काशी त्या कलमाचा संबंध नाही. तथापि न्यायालयाचा हुकूम असो वा सरकारचा, तो पाळणारा हात त्याच कंपनीचा असतो आणि नाव खोडण्याची वहीही तीच असते. न्यायालयाचा हुकूम आपणांस वाचता येतो. कलम ६९अ खालील कारवाई २००९ च्या नियमांप्रमाणे गुप्त राखावयाची असते. चोर पकडण्यासाठी जी बेडी घडविली, ती कोणाच्या हाती पडते व कोणास विचारून ती घातली जाते, यावरच सारे अवलंबून राहते. बेडी मुळीच नको असे आम्ही म्हणत नाही.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. त्याच संमेलनातील एका नृत्यास चित्रपटातील गीताचे मूळ मुद्रण वाजविले होते. त्यावरही दावा आला, आणि तो रास्त होता. शाळेच्या सभागृहात विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुढे विद्यार्थ्यांनी एखादी कृती सादर करण्यास कायद्याने सूट दिली आहे. दुसऱ्याचे मुद्रण जगापुढे इंटरनेटवर मांडण्यास दिलेली नाही. ते नृत्य आम्ही निमूटपणे काढून घेतले. नांदीची गोष्ट वेगळी. हरकतीचा अर्ज आम्ही त्या मुलीकडूनच लिहवून घेतला. १८८५ मध्ये साठ मिळवून तिने फळ्यावर १९४५ हा आकडा लिहिला व क्षणभर त्याकडे पाहत राहिली. मग आम्ही तिला कायद्याचे ३८ वे कलम दाखविले. जो कलाकार गातो, त्याच्या त्या गाण्यावर त्याचा स्वतःचाही हक्क असतो, आणि तो पन्नास वर्षे टिकतो. म्हणजे त्या चित्रफितीत कोणाचा हक्क असेलच, तर तो त्या पाच मुलींचा व साथीदारांचा होता.

सतराव्या दिवशी उत्तर आले : दावा सोडण्यात आला आहे. मुलीने ते दोनदा वाचले आणि खाली सही शोधली. सही नव्हती, नाव नव्हते, चूक कोणाची झाली हेही नव्हते. त्याच रात्री बोट एका बंदरात लागली असताना तिच्या वडिलांनी नांदी ऐकली. यंदाच्या संमेलनाची तालीम सुरू झाली आहे. नांदी त्याच मुली म्हणणार आहेत.