स्वीट कॉर्नला शिट्ट्या कशाला?

पावसाळा लागला की भाजीवाल्याकडे दोन तऱ्हेची कणसं शेजारी शेजारी दिसू लागतात. एक गावरान मका. त्याचे दाणे पांढरट किंवा फिकट पिवळे, घट्ट, निखाऱ्यावर भाजून लिंबू-तिखट चोळायला उत्तम. दुसरं स्वीट कॉर्न. घरी आल्यावर मात्र दोघांनाही बहुतेक वेळा एकच वागणूक मिळते: कुकर, पाणी, मीठ आणि तीन-चार शिट्ट्या. गावरान कणसाला हे मानवतं. स्वीट कॉर्नची त्यात चव जाते, आणि त्याचं कारण दाण्याच्या आत आहे.

मक्याचं झाड पानांमध्ये साखर तयार करून कणसाकडे पाठवतं. दाण्यात पोचलेली साखर तशीच राहत नाही. तिथली विकरं तिचे रेणू एकमेकांना जोडून पिष्ट, म्हणजे स्टार्च, तयार करतात. बी रुजेल तेव्हा लागणारी ती शिदोरी असते. मक्याचं हे पिष्ट साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअस तापमानाला पाणी शोषून फुगतं. तोवर दाणा कच्चा आणि पिठूळ लागतो. कणीस जरा जून झालेलं असेल तर पिष्टाचे कण प्रथिनांच्या जाळ्यात घट्ट बसलेले असतात आणि पाणी आत शिरायला वेळ लागतो. गावरान मक्याला कुकर लागतो तो यासाठी.

स्वीट कॉर्नमध्ये साखरेचं पिष्ट होण्याचं हे कामच अडतं. जुन्या प्रकारच्या गोड मक्यात ‘शुगरी’ नावाच्या जनुकातल्या बदलामुळे पिष्टाची नीट घडण होत नाही. त्याऐवजी पाण्यात विरघळणारा एक पदार्थ साठतो, म्हणून ते दाणे सायीसारखे मऊ लागतात. आज जगभर पिकणाऱ्या स्वीट कॉर्नचा मोठा भाग मात्र दुसऱ्या जातकुळीचा आहे. त्याचं मूळ अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सापडतं. तिथले आनुवंशिकी संशोधक जॉन लॉफनन मक्याच्या रंगाशी संबंधित एका जनुकाचा अभ्यास करत होते. त्याच्या अगदी शेजारी ‘श्रंकन-२’ नावाचं जनुक आहे. त्यात बिघाड झालेले दाणे वाळले की सुरकुतून चिपाड होत. लॉफनन यांनी ते चाखून पाहिले तर कमालीचे गोड! त्यांनी १९५३ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. पिष्ट बनवण्याच्या साखळीतली अगदी सुरुवातीची पायरीच या दाण्यांत मोडलेली असते, त्यामुळे साखर साखरच राहते. जुन्या गोड मक्याच्या दुप्पट-तिप्पट साखर या अतिगोड वाणांत असते.

मेंडेलच्या प्रयोगातला सुरकुतलेला वाटाणा याच नात्यातला. त्याच्याही पिष्टनिर्मितीत दोष होता आणि तोही गुळगुळीत वाटाण्यापेक्षा गोड. निसर्गातल्या एका चुकीवर दोन लाडक्या भाज्या उभ्या आहेत, हे मला फार विलक्षण वाटतं.

या बिघाडाचे परिणाम बाजारातही दिसतात. दाण्यात नख खुपसून दुधाळ रस आला की कणीस कोवळं, ही आपली पूर्वापार पारख. अतिगोड वाणांत ती फसवते. तो पांढरेपणा बऱ्याच अंशी पिष्टामुळे आणि त्याच्या भाईबंदांमुळे येतो. ते नसल्याने या वाणांचा रस नितळ, पाणचट दिसतो आणि तरीही कणीस अगदी योग्य अवस्थेत असू शकतं. तेव्हा टपोरे, तकतकीत दाणे पाहावेत, हिरवी ओलसर पानं पाहावीत. शेंड्याचे केस तपकिरी झालेले असले तरी चालेल, ते व्हायलाच हवेत. प्रत्येक केस एका संभाव्य दाण्याला जोडलेला असतो. त्यावर परागकण पडला तरच तो दाणा भरतो. टोकाचे केस सर्वांत शेवटी बाहेर येतात, म्हणून कणसाचा शेंडा कधी कधी बोडका राहतो. ती कीड नव्हे. आणि एखादं कणीस निबर, सपक निघालं तर शेजारच्या शेतातल्या साध्या मक्याचे परागकण वाऱ्याने आलेले असू शकतात. गोडव्याची ही जनुकं अप्रभावी असल्याने परक्या परागाचा दाणा त्याच हंगामात पिष्टाने भरतो.

कणीस तोडल्यावरही दाणे जिवंत असतात, श्वसन करत असतात. जुन्या गोड मक्यातली सुमारे ६० टक्के साखर ३० अंशांना एका दिवसात जाऊ शकते. शून्य अंशाला हाच आकडा ६ टक्क्यांच्या आसपास राहतो. अतिगोड वाणांत साखरेचं पिष्ट व्हायची भीती कमी, पण श्वसनात ती खर्च होतेच आणि पाणीही उडतं. म्हणून कणसं पानांसकट आणावीत, तशीच फ्रिजमध्ये ठेवावीत. सोललेली, प्लास्टिकच्या वेष्टनातली कणसं दिसायला नीटनेटकी असली तरी मी हिरव्या पानांतलंच घेईन.

आता शिजवणं. पिष्ट फारसं नसल्यामुळे इथे मुळात शिजवायचं थोडंच असतं. ताजं कणीस कच्चंही खाता येतं. उष्णता फक्त साल मऊ करायला आणि वास खुलवायला हवी. पाण्याला खळखळून उकळी आली की कणसं सोडावीत आणि चार-पाच मिनिटांत बाहेर काढावीत. दाणे सुटे केले असतील तर उकळण्याऐवजी चाळणीवर वाफवावेत, कारण कापलेल्या दाण्यांतली साखर पाण्यात उतरते. मायक्रोवेव्ह असेल तर कणीस पानांसकट तीन-चार मिनिटं ठेवावं, मग बुडखा जरा वरून कापून शेंड्याकडून दाबावं. कणीस खालून सटकतं आणि केस पानांतच राहतात. वाफ मात्र हाताला भाजते, फडकं घ्यावं.

शिजत्या मक्याचा ओळखीचा वास मुख्यतः डायमिथाइल सल्फाइड या गंधकयुक्त वायूचा. समुद्रावरच्या हवेतही तो असतो. थोडा असला की भूक चाळवतो. कुकरच्या बंद भांड्यात खूप वेळ शिजवल्यावर तो साचतो आणि उकडलेल्या कोबीची आठवण देतो. आरोग्यासाठी कुकर वाईट, असं मात्र नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली स्वीट कॉर्न ११५ अंशांना २५ मिनिटं तापवलं तेव्हा क जीवनसत्त्व घटलं, पण सालीत अडकलेलं फेरुलिक आम्ल मोकळं झालं आणि अँटिऑक्सिडंट क्षमता ४४ टक्क्यांनी वाढली. हरकत आहे ती चवीची.

उलट, काही पदार्थांना पिष्टच हवं. इंदूरचा भुट्ट्याचा कीस घ्या. कोवळं कणीस किसणीवर उभं किसायचं, जिरं-हिंग-मिरचीच्या फोडणीत तुपावर परतायचं, मग दूध घालून आटवायचं. गावरान मक्याचं पिष्ट दुधात फुगून कीस मिळून येतो. तोच अतिगोड कणसांचा केला तर किसताना रस वाहतो, कढईत पाणी सुटतं आणि दूध घट्ट होता होत नाही. चमचाभर रवा किंवा मक्याचं पीठ भाजून घातलं तर काम निभावतं, पण गोडवा तिखटाच्या वर चढतो. कीस गावरानाचाच करावा. विस्तवावर भाजतानाही फरक कळतो. स्वीट कॉर्नमध्ये साखर जास्त, म्हणून ते लवकर करपतं. आच मंद ठेवून सारखं फिरवावं लागतं.

हंगामात कणसं जास्त झाली तर दाणे गोठवता येतात, पण कच्चे नाहीत. गोठल्यावरही विकरं हळूहळू काम करत राहतात आणि महिन्याभरात दाण्यांना शिळकट वास येऊ लागतो. कणसं चार मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत, कोरडी पुसून दाणे कापावेत. सुरी दांड्यापर्यंत नेऊ नये, दाण्याचा पाऊण भागच घ्यावा. उरलेला गर सुरीच्या पाठीने खरवडून त्याच दिवशी सुपात घालावा, आणि मोकळे दांडेही सुपाच्या पाण्यात वीस मिनिटं उकळून काढून टाकावेत. सुपाला साखर घालावी लागत नाही.