नऊ तारखेला अहवाल, अकराला मंजुरी

11 जुलै 2025, शुक्रवार. अलिबागच्या कोळीवाड्यात सकाळपासून पाऊस धरून आहे. मासेमारीची बंदी 31 जुलैपर्यंत, त्यामुळे होड्या वर ओढून शाकारलेल्या. एका पडवीत चारपाच जण फाटकी जाळी सांधत बसलेत आणि तेलाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर विधान परिषदेची बातमी चालू आहे. विशेष जनसुरक्षा विधेयक तिथे आज आलंय. विधानसभेने ते काल आवाजी मतदानाने मंजूर केलं. डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी तेवढा उघड विरोध केला.

कॉलेजात जाणारा पोरगा मूळ मसुद्यातली 'बेकायदेशीर कृत्या'ची व्याख्या वाचून दाखवतो : बोलून, लिहून, खुणेने सार्वजनिक शांततेला धोका निर्माण करणं. प्रस्थापित कायदा मोडायला उत्तेजन देणं.

मासळीची पाटी बाजूला ठेवून बसलेली मावशी विचारते, "म्हंजे आमी मोर्चा नेला तर?"

कुणी बोलत नाही. सुई तेवढी चालू राहते.

"ते नक्षलवाद्यांसाठी आहे, मावशी," पोरगा सांगतो. सरकारही तेच सांगतंय. छत्तीसगड, तेलंगणात असा कायदा आहे, विधेयक तपासणाऱ्या संयुक्त समितीने रोख कडव्या डाव्या संघटनांवर आणलाय. पण शिक्षा दोन ते सात वर्षांची आहे, आणि 'तत्सम संघटना' हे शब्द सुधारित मसुद्यात आहेतच. तत्सम कोण, हे ठरवणार कोण?

कोपऱ्यातले काका मूळचे चरीचे. 1933 ते 1939 त्या गावाने खोतांविरुद्ध शेतं ओस ठेवली, हे ते सांगतात तेव्हा त्यांचा आवाज चढतो. मग म्हणतात, "आपला माणूस आज तिथं नाही." तो माणूस म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील; ते विधान परिषदेची निवडणूक हरले ती 12 जुलै 2024 ला, पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. हेच विधेयक पहिल्यांदा सभागृहात मांडलं गेलं ते त्याच्या आदल्या दिवशी. चर्चेला जेमतेम एक दिवस उरला होता.

पण तेव्हा ते अडकलं, हे चांगलंच झालं. डिसेंबरात नागपूरला नव्याने मांडून ते संयुक्त समितीकडे गेलं आणि लोकांनी बारा हजारांवर सूचना-हरकती पाठवल्या. या पडवीतूनही एक पत्र गेलंय. एवढी मेहनत झाल्यावर समितीचा अहवाल सभागृहात आला 9 जुलैला आणि मतदान झालं 10 जुलैला. मधल्या एका रात्रीत कोणत्या आमदाराने तो नीट वाचला असेल? हरकतीचं काय झालं, हे हरकत घेणाऱ्याला कळायला निदान आठवडा तरी हवा होता, आणि अधिवेशन तर 18 जुलैपर्यंत होतं. घाई कशाची होती, याचं समाधानकारक उत्तर मला कुठेही मिळालेलं नाही.

मोबाइलवर पट्टी फिरते : विरोधकांचा सभात्याग, विधेयक मंजूर.

"आमच्या पत्राचा काय?" मावशी विचारते. पोरगा अहवाल शोधू लागतो, पण रेंज जाते.

समितीचा अहवाल आणि मतदान यांत किमान सात दिवसांचं अंतर नियमानेच बांधून द्यायला हवं. तुमचा आमदार गावात आला की त्याला एवढंच विचारा : विधेयक तुमच्या हातात कोणत्या तारखेला पडलं, आणि तुम्ही 'होय' कोणत्या तारखेला म्हणालात?