जवळ्याच्या पोटातला हिशेब

नाशिकच्या बाजारात कोकणातून सुका जवळा येतो. समुद्रात बोंबील मुख्यतः याच जवळ्यावर जगतो. पण जवळा स्वतः काय खातो? त्याचे अन्न घटले तर जवळा घटेल, मग बोंबीलही. म्हणजे प्रश्न धंद्याचाही आहे.

पूर्वी अशा लहान जीवांचे पोट केवळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. त्यात कवचाचे तुकडे दिसत, मऊ जीव मात्र पचून गेल्याने नोंदीतून सुटत. आता डीएनए तपासणी आहे. आम्ही कापडवाले धागा जाळून वासावरून सूत की रेशीम ते ओळखतो. तशीच ही खूण. पोटातल्या डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात (ही पीसीआर पद्धत कॅरी मुलिस यांना १९८३ साली सुचली) आणि त्या माहीत असलेल्या जीवांच्या नमुन्यांशी ताडून पाहतात. असा नमुनासंग्रह उभारण्याची कल्पना कॅनडाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ साली मांडली.

मात्र या तपासणीत खाणाऱ्याचा स्वतःचा डीएनएही मिसळतो. भक्ष्याच्या पोटातले अन्नसुद्धा त्याच्याच खात्यावर चढते. शिवाय काय खाल्ले ते कळते, किती खाल्ले ते नेमके कळत नाही. माल ओळखला म्हणजे वजन झाले असे नव्हे, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.