ट्रॉलीचा हूक घेताय? मजबुतीबरोबर उंची, दांडा आणि पिनही मोजा

दिंद्रुड : गाळप हंगाम सुरू झाला की माजलगाव तालुक्यातून तेलगावच्या कारखान्याकडे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. हंगामाआधी इंजिन, ऑइल, टायर सगळं तपासलं जातं. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीला जोडणारा हूक मात्र ‘चालतोय की’ म्हणून तसाच राहतो. बदलायची वेळ आलीच तर दुकानात एकच प्रश्न विचारला जातो, ‘मजबूत आहे ना?’ पण मजबूत हूकसुद्धा चुकीच्या उंचीवर किंवा चुकीच्या लांबीच्या दांड्याला बसवला तर जिवावर बेततो.

ट्रॉली दोन चाकी की चार चाकी?

चार चाकी ट्रॉलीचं वजन तिच्याच चाकांवर असतं, हुकाला मुख्यतः ओढ सोसायची असते. दोन चाकी ट्रॉलीचं तसं नाही. समजा, पिनपासून ट्रॉलीच्या एक्सलपर्यंत ४ मीटर अंतर आहे आणि ५ टन मालाचा मध्य एक्सलच्या ४० सेंटिमीटर पुढे आहे. अशा वेळी मालाचे ५०० किलो थेट हुकावर येतात. त्यामुळे दोन चाकी ट्रॉलीसाठी ओढीबरोबर वरून येणारा भार पेलणारा हूकच घ्यावा. हा भार किती चालतो, ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत बघावं.

माल मागे जास्त भरला तर उलटं होतं. दांडा हुकाला वर उचलतो, मागच्या टायरची पकड कमी होते आणि ट्रॉली डुलायला लागते.

हूक खालीच हवा

ओढ नेहमी मागच्या एक्सलच्या खालून हवी. चिखलात फसलेली ट्रॉली काढायला कुणी टॉप लिंकच्या जागी साखळी बांधतात. असं केलं की ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि मागे उलटू शकतो. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. भरलेल्या ट्रॉलीचा दांडा साधारण सपाट राहील, अशी हुकाची उंची ठेवावी.

वळताना टायर लागतो का?

दांडा आखूड असला की शेतातून बाहेर वळताना ट्रॅक्टरचं मोठं चाक ट्रॉलीच्या कोपऱ्याला घासतं. टायर फाटतो, दांडा वाकतो. यावर उपाय म्हणून ट्रॅक्टरचा हूक मागे वाढवून घेतला जातो. दोन चाकी ट्रॉलीला हे धोक्याचं आहे. हूक जितका मागे जाईल तितका त्यावरचा भार पुढची चाकं जास्त उचलतो. जागा हवी असेल तर ट्रॉलीचा दांडा लांब करावा. त्याने हुकावरचा भारही थोडा कमी होतो. मात्र लांब दांड्याची ट्रॉली वळणावर आतल्या बाजूने कापत जाते, हे पाणंद रस्त्यावर ध्यानात ठेवावं.

तपासणी सोपी आहे. मोकळ्या जागी रिकामी ट्रॉली जोडून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून हळू चालवावं. टायर आणि ट्रॉलीत किमान वीतभर जागा राहिली पाहिजे. बांधावर ट्रॅक्टर कलला की ही जागा आणखी कमी होते.

पिन झिजली की ताकद गेली

२५ मिलिमीटरची पिन झिजून २० मिलिमीटर झाली तर दिसायला फरक थोडाच वाटतो. पण तिचा छेद ३६ टक्क्यांनी घटलेला असतो आणि ताकदही तेवढीच कमी होते. पिन वर आणि खाली दोन्हीकडे धरणारा दुहेरी पट्टीचा हूक एकेरीपेक्षा चांगला, कारण ताण दोन ठिकाणी वाटला जातो. पिनच्या जागी सळई किंवा बोल्ट घालू नये. पिन उडू नये म्हणून खालची लॉक क्लिप हवीच.

डबल ट्रॉलीत दोन्ही ट्रॉल्यांची ओढ पहिल्याच पिनवर येते. ती रोज बघावी. पिन तुटलीच तर दांडा रस्त्यात रुतू नये म्हणून दांड्याखालून फुलीसारख्या दोन साखळ्या बांधाव्यात. धारूर घाटासारख्या उतारावर हा शेवटचा आधार असतो.

जोडताना, सोडताना

- ट्रॅक्टर मागे येत असताना मधे कुणीही उभं राहू नये. ट्रॅक्टर थांबवून, हँडब्रेक लावूनच पिन घालावी.
- दोन चाकी ट्रॉली सोडण्याआधी चाकांना दगड आणि दांड्याला टेकू द्यावा. मागे वजन असेल तर पिन काढताच दांडा उसळून तोंडावर बसतो.
- जुन्या दांड्याला वेल्डिंगचा जोड दिला असेल तर तिथे बारीक चीर आहे का, ते उजेडात बघावं.
- दांड्यावर, हुकावर कुणालाही बसू देऊ नये. ऊसतोड मजुरांची लेकरं तर अजिबात नको.

नवा हूक घ्यायला जाताना नुसतं माप नेऊ नये, ट्रॉली जोडूनच वर्कशॉपवर न्यावी. उंची, वळण आणि पिन तिथंच तपासून मग पैसे द्यावेत.