पाकीट झाकले, पोर उघडी पडली

संध्याकाळचे साडेसात वाजले होते. कंपनीतून, बांधकामावरून, धुण्याभांड्याच्या कामावरून माणसे घरी परतत होती. नाक्यावरच्या मेडिकलसमोर नेहमीसारखी गर्दी होती. मी खोकल्याचे औषध घ्यायला रांगेत उभी होते. माझ्यापुढे आमच्याच वस्तीतली एक मुलगी होती, नववीत शिकणारी. तिची वेळ आली की ती बाजूला सरायची आणि मागच्याला पुढे जाऊ द्यायची. असे तिने चौघांना पुढे सोडले. शेवटी दुकानदारच म्हणाला, "बोल गं पोरी, काय पाहिजे?" तिने खालच्या आवाजात सांगितले. त्याने आत काम करणाऱ्या पोऱ्याला हाक मारली, "अरे, हिला पॅडचं पाकीट दे. लहान पाहिजे का मोठं, विचार!" सगळ्या रांगेच्या माना वळल्या.

पाकीट आले. ते वर्तमानपत्रात गुंडाळले, दोरा बांधला, वरून खाकी पिशवीत घातले. जणू काही चोरीचा माल आहे! आणि मग दुकानदाराने कॉम्प्युटरवर बोटे ठेवून विचारले, "मोबाइल नंबर सांग." तिच्याकडे कुठला मोबाइल? तिने वडिलांचा नंबर सांगितला. दहाच्या दहा आकडे. ते रांगेतल्या प्रत्येकाने ऐकले. ती घरी पोचायच्या आत वडिलांच्या फोनवर बिलाचा मेसेज गेला होता. वडील कामावरच्या सोबत्यांबरोबर चहा पीत होते. त्यांनी तो मेसेज तिथेच उघडला. दुसऱ्या दिवशी तिची आई मला म्हणाली, "ताई, पोरगी म्हणते, मी आता त्या दुकानात पाय ठेवणार नाही. कापड वापरीन."

भगिनींनो, विचार करा. पाकीट तीन-तीन वेष्टनांत झाकले, पण पोर मात्र उघडी पडली. जे झाकायची गरजच नव्हती ते झाकले. जे जपायला हवे होते, म्हणजे तिचे नाव, तिचा नंबर आणि तिची गोष्ट, ते चव्हाट्यावर मांडले. लाज वेगळी आणि खाजगीपण वेगळे, हा फरक आपण नीट समजून घेतला पाहिजे.

वहीतल्या नोंदी

हा प्रश्न मुलींपुरताच आहे असे कोणी समजू नये. महिला मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एकेक जण बोलू लागली. एका वहिनींनी सांगितले की त्यांच्या यजमानांनी एकदा वस्तीतल्या दुकानातून निरोध घेतला. दुसऱ्या दिवसापासून टपरीवर त्यांची थट्टा सुरू झाली, टोपणनाव पडले. त्यांनी दुकानात जाणेच सोडले. वर्षभरात तिसऱ्या बाळंतपणाचा भार वहिनींच्या अंगावर आला. थट्टा करणाऱ्यांनी त्या बाळाच्या दुधाचा खर्च उचलला नाही!

एका मावशींचे सासरे अंथरुणाला खिळलेले. त्यांच्यासाठी मोठ्या माणसाचे डायपर आणायला मुलगा कचरतो, कारण दुकानदार विचारतो, "कोणासाठी? काय झालंय?" कुणाला मूळव्याधीचे मलम मागताना शरम वाटते, कुणाला खरजेचे, कुणाला उवांच्या औषधाचे. गर्भ राहिला की नाही हे पाहण्याची पट्टी मागणाऱ्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्र आहे की नाही, हे आधी पाहिले जाते.

आणि आपल्या कष्टकरी घरांत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे उधारीची वही. शिकल्या-सवरल्या, पैसेवाल्या घरातली बाई मोठ्या दुकानात जाते, स्वतः उचलून टोपलीत टाकते, किंवा घरपोच मागवते. आपली बहीण कुठे जाणार? बसचे भाडे घालून दूर जाणे परवडत नाही. हातात रोकड नसते. मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर वही चालते. त्या वहीत साखर, तेल, साबण यांच्या ओळीतच 'पॅड' असे लिहिले जाते. महिनाअखेरीस पगार झाला की घरातला पुरुष माणूस हिशेब करायला जातो आणि दुकानदार एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवतो. या एका ओळीच्या भीतीने कितीतरी बायका उधारीत पॅड घेतच नाहीत. उधारीत चहापत्ती चालते, पण हे चालत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या सुमारे ५८ टक्के मुली-स्त्रिया पाळीच्या दिवसांत स्वच्छ साधन वापरताना आढळल्या होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ७८ टक्क्यांवर आले. ही वाढ चांगलीच आहे. तरीही पाचातली एक मागे राहतेच. पैसा आणि पाणी ही त्याची मोठी कारणे. जुलै २०१८ मध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला, २०१९ पासून जनऔषधी केंद्रांत एक रुपयाला एक पॅड मिळू लागले. किंमत खाली आली. पण किंमत कमी झाली तरी तोंड उघडून मागायचे कसे, हा अडसर उरतोच.

शंभर वर्षांपूर्वीही हेच

हे आपल्याकडेच आहे असेही नाही. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून मऊ पट्टी बनवली गेली. तिच्यापासून अमेरिकेत १९२० च्या सुमारास कोटेक्स नावाचे पॅड बाजारात आले. माल चांगला होता, पण खपेना. कारण काउंटरमागे पुरुष उभा असे आणि बायका मागायला तयार नसत. तेव्हा दुकानदारांनी साध्या कागदात गुंडाळलेली पाकिटे काउंटरवरच रचली आणि शेजारी पैसे टाकायचा डबा ठेवला. एक शब्द न बोलता पाकीट घ्यावे, नाणे टाकावे आणि निघावे. मोडेस नावाच्या दुसऱ्या पॅडच्या कंपनीने १९२८ साली जाहिरातीतच एक चिठ्ठी छापली. ती कापून दुकानात नुसती पुढे करायची, मागण्यासाठी तोंड उघडायची गरज नव्हती.

आपल्या देशात १९६८ साली निरोध आला, तेव्हाही हाच विचार झाला. चहा, साबण आणि सिगारेट गावोगावी पोचवणाऱ्या कंपन्यांमार्फत तो किराणा दुकानांत आणि पानपट्ट्यांवर ठेवला गेला. पंधरा पैशांत तीन. डॉक्टरकडे किंवा औषधाच्या दुकानात जाऊन विचारणा न करता तो सहज हाती यावा, हा हेतू होता. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये अस्मिता योजना सुरू केली. त्यात जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देण्याचे ठरले आणि विक्रीचे काम महिला बचत गटांकडे दिले गेले. विकणारी बाई असली की मागणाऱ्या मुलीचे अर्धे ओझे उतरते, हे साधे शहाणपण त्यात होते.

बाबासाहेबांनी घेतलेला खटला

शरीराविषयी बोलणे, विचारणे म्हणजे पाप नव्हे, हे आपल्याला नवे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत. लोक त्यांना लैंगिक आरोग्याविषयी प्रश्न विचारत आणि ते निर्भीडपणे उत्तरे देत. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली कर्व्यांचे वकीलपत्र घेऊन न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हाच्या सनातनी मुंबईत या खटल्यात उभे राहणे सोपे नव्हते. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब मागे हटले नाहीत. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाच्या साधनांचा ठराव रोहम यांनी मांडला. तोही फेटाळला गेला. ज्या साधनांसाठी बाबासाहेबांनी लोकांची टीका सोसली, ती साधने आज दुकानात आहेत. आणि आपली माणसे टपरीवरच्या थट्टेला भिऊन ती घेत नाहीत, याचे वाईट वाटते.

कागदी पिशवीचे युग गेले

आता नव्या धोक्याकडे वळू. पूर्वी दुकानदाराच्या तोंडाची भीती होती, आता त्याच्या कॉम्प्युटरचीही आहे. तुम्ही नंबर दिला की प्रत्येक खरेदी त्या नंबराखाली साठत जाते. २०१२ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीत टार्गेट नावाच्या मोठ्या दुकानसाखळीवर एक लेख आला होता. बाई कोणते लोशन घेते, कोणत्या गोळ्या घेते, अशा सुमारे पंचवीस वस्तूंवरून ती गरोदर आहे की काय याचा अंदाज ते दुकान बांधत असे आणि तिच्या घरी बाळाच्या वस्तूंची कुपने पाठवत असे. अशी कुपने पाहून एक बाप दुकानात भांडायला गेला आणि नंतर त्याला कळले की शाळेत शिकणारी आपली मुलगी खरोखरच गरोदर आहे, असा प्रसंगही त्या लेखात दिला आहे. बापाच्या आधी दुकानाला कळले! आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलला एवढे गणित येत नसेल. पण मेसेज कोणाच्या फोनवर जातो आणि तो कोण वाचतो, एवढे पुरेसे आहे. एका फोनवर चार माणसांचे घर चालते, तिथे तर फारच.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात कायदा याबाबत गप्प नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने सांगितले की खाजगीपण हा मूलभूत अधिकार आहे. संविधानाच्या एकविसाव्या कलमातल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच तो सामावलेला आहे. हा निर्णय मुख्यतः सरकार आणि नागरिक यांच्यातल्या नात्याविषयी आहे. पण दुकानदारालाही मोकळे रान नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना स्पष्ट सांगितले की बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका. नंबर दिला नाही म्हणून माल नाकारू नका. माहितीच्या रक्षणाचा वेगळा कायदा २०२३ साली संसदेत संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांचे तसे नाही. काही जालीम प्रतिजैविके आणि क्षयरोगाची काही औषधे यांसाठी रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव दुकानदाराला नोंदवहीत लिहावेच लागते. तिथे त्याच्याशी वाद घालू नये. पण पॅड, निरोध, गर्भतपासणीची पट्टी, साबण, डायपर यांना चिठ्ठी लागत नाही, नाव लागत नाही, नंबरही लागत नाही.

आपण काय करावे?

नंबर विचारला तर शांतपणे म्हणावे, "नंबर द्यायचा नाही, साधे बिल द्या." कोणी अडवणूक केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. गर्दीत बोलणे जड जात असेल तर वस्तूचे नाव कागदावर लिहून पुढे करावे. उधारीच्या वहीत 'किरकोळ सामान' एवढेच लिहा, असे दुकानदाराला आधीच सांगून ठेवावे. किमतीचा आकडा बरोबर असला की झाले. रांगेत दुसरा कोणी काही मागत असेल तर मान वळवू नये. आणि पुरुष बंधूंनो, टपरीवरची थट्टा थांबवा. पत्नीसाठी, मुलीसाठी पॅड आणणारा बाप लाजिरवाणा नव्हे, जबाबदार असतो.

आम्ही मंडळाच्या चार जणी त्या मेडिकलवाल्याकडे गेलो. भांडायला नव्हे, बोलायला. तो म्हणाला, "ताई, मी कागदात गुंडाळतो ते तुमच्याच सोयीसाठी." आम्ही म्हटले, "भाऊ, गुंडाळायचे की नाही ते घेणाऱ्याला विचारा. पण ओरडू नका आणि नंबर मागू नका." तो म्हणाला, नंबर घातल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही. मग त्यानेच तोड काढली. आता तो तिथे दुकानाचाच नंबर घालतो. पॅडची पाकिटे त्याने आतल्या कपाटातून काढून बाहेरच्या फळीवर, हाताला येतील अशी मांडली आहेत आणि किमती लिहून ठेवल्या आहेत. या सगळ्याला त्याला एक पैसाही खर्च आला नाही.

गेल्या आठवड्यात ती नववीतली मुलगी पुन्हा दिसली. तिने फळीवरून पाकीट उचलले, पैसे ठेवले. दुकानदार सवयीने वर्तमानपत्र ओढू लागला, तशी ती म्हणाली, "काका, राहू द्या. पिशवी आहे माझ्याकडे." आणि शाळेच्या दप्तरात पाकीट टाकून ती घरी गेली. रांगेत सात-आठ माणसे होती, पण या वेळी तिने कोणालाही पुढे सोडले नाही.