मजुरी, पगार आणि मानधन : मानवतच्या कापूस-व्यवहारावरून एक विचार

माणसाची मिळकत कशावरून ठरते, या प्रश्नाचे अर्थशास्त्रातील प्रचलित उत्तर असे की, ती अंगची क्षमता, घेतलेले शिक्षण आणि कामाचा अनुभव यांवरून ठरते. गॅरी बेकर यांच्या १९६४ मधील व जेकब मिन्सर यांच्या १९७४ मधील ग्रंथांनी या उत्तरास शास्त्रीय रूप दिले. त्यात एक गोष्ट मात्र गृहीत राहते. क्षमतेला बाजारात मोल येण्यापूर्वी ती क्षमता म्हणून ओळखली जावी लागते, तिला नाव मिळावे लागते. हे नाव देण्याचे काम भाषा करते आणि या कामी ती नेहमीच निष्पक्ष असते असे नाही.

परभणी जिल्ह्यातील मानवत ही मराठवाड्यातील कापसाची जुनी पेठ होय. येथे येणारा कापूस शेतापासून जिनिंगपर्यंत अनेक हातांतून जातो. वेचणी बहुतांशी स्त्रिया करतात व तिची मजुरी वजनावर ठरते. पोती व गाठी उचलण्याचे काम पुरुष हमालांचे. प्रत ठरविण्याचे काम व्यापारी किंवा ग्रेडर करतो; त्यासाठी धाग्याची लांबी, ओलावा व कचरा यांची पारख लागते. या पारखीस ‘प्रतवारी’ असे नाव आहे आणि नाव असल्यामुळे पद व पगारही आहे. परंतु बोंडातील स्वच्छ कापूस आणि कवडी यांतील भेद प्रथम कळतो तो वेचणाऱ्या स्त्रीच्या बोटांना. तिने निवडून वेचले तर माल चांगला होतो, पण वेळ अधिक लागतो व वजन कमी भरते. वजनावर मजुरी असल्यामुळे तिच्या कौशल्याचा लाभ मालाच्या धन्यास होतो. तिच्या वाट्यास उलट तोटाच येतो. येथे क्षमतेचा अभाव नाही. अभाव आहे तो क्षमतेच्या नावाचा.

शिक्षणाचे मोलही सर्वस्वी व्यक्तीच्या ठायी नसते, याची साक्ष याच भूभागाच्या इतिहासात सापडते. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी घरातील मुलास सरकारी नोकरीची वाट परक्या भाषेतून काढावी लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व १९६४ मध्ये महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम संमत झाला. व्यक्ती तीच, बुद्धी तीच, शिक्षणाची वर्षेही तितकीच. परंतु राज्यव्यवस्था पालटताच त्या शिक्षणाचा बाजारभाव पालटला.

लिंगभेदाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्याने समान किंवा समान स्वरूपाच्या कामास समान मोबदला देण्याचे तत्त्व घालून दिले आणि तेच पुढे २०१९ च्या वेतन संहितेत आले. रोजगार हमीच्या कामावरही स्त्रीपुरुषांना एकच दर लागू झाला. पण जेथे वेचणी स्त्रीची व हमाली पुरुषाची अशी वाटणी आधीच झालेली असते, तेथे तुलना कशाशी करावयाची? हमालांच्या श्रमास १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे नोंदणी व मंडळ यांचा आधार मिळाला. ‘हमाल’ ही संज्ञा कायद्याच्या शीर्षकातच आली. वेचणी करणारीसाठी मात्र रूढ असे व्यवसायनामही नाही; ती नुसती ‘बाई’ असते.

मोबदल्याची नावेही पाहण्याजोगी आहेत. ‘मजुरी’ फारसीतून आली, ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला, ‘वेतन’ संस्कृत आहे. ‘मानधन’ हाही संस्कृत समास; परंतु संस्कृत काव्यात तो मान हेच ज्यांचे धन आहे अशा मानी पुरुषांचे विशेषण म्हणून येतो. आधुनिक मराठीत त्याचा अर्थ मानार्थ दिलेली रक्कम असा झाला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविकेस मिळते ते मानधनच. तिला शिक्षणाची अट आहे, कामाचे तास आहेत, नोंदवह्या आहेत. तथापि ‘सेविका’ या पदनामाने श्रमाची सेवा झाली आणि ‘मानधन’ या शब्दाने वेतनाचा मान झाला. मुलगी शिकली तरी तिच्या शिक्षणाचे मोल कोणत्या शब्दात होणार, हा प्रश्न असा उरतोच.

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस या उपदानास पात्र असल्याचा निर्णय दिला आणि उपदान कायद्याच्या संदर्भात त्यांचे मानधन हे वेतनच होय असे मानले. शब्दाच्या अर्थनिर्णयाने वृद्धापकाळची शिदोरी कशी ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. स्त्रियांच्या श्रमबाजारातील इतिहासाच्या अभ्यासाबद्दल क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मराठीच्या अभ्यासकांस या विषयात आपला वाटा उचलता येईल. मानवतसारख्या पेठेत हिशेबवह्यांतून, लिलावाच्या बोलीतून व शेताच्या बांधावरील संभाषणातून कोणत्या श्रमास कोणते नाव मिळते आणि कोणता श्रम निनावी राहतो, याची काळजीपूर्वक नोंद होणे अगत्याचे आहे.